दलाज 15-एस-8 : मालक बदलत गेले, गाडीही

[दृश्य : 1936च्या शर्यतींचे कृष्णधवल फोटो]

15 ऑगस्ट 1936. इटलीतलं पेस्कारा. दीड लिटर इंजिनाच्या गाड्यांची शर्यत एका काळ्या गाडीनं जिंकली. 23 तारखेला स्वित्झर्लंडमध्ये, बर्नजवळच्या ब्रेमगार्टनला, पुन्हा तीच. 29 तारखेला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला, पुन्हा तीच. पंधरवड्यात तीन देश आणि तीन विजय. चालक तेवीस वर्षांचा रिचर्ड सीमन.

मागे पडल्या त्या ब्रिटिश ईआरए आणि इटालियन माझेराटी कंपन्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या. काळ्या गाडीचा जन्म मात्र 1926-27चा. ती जिथं तयार झाली, त्या फ्रान्सच्या दलाज कंपनीचं 1935 सालीच दिवाळं वाजलं होतं.

[दृश्य : लुई दलाजचं छायाचित्र, कारखान्याचं अंगण]

लुई दलाज. लहानपणापासून एकाच डोळ्यानं दिसणारा, प्यूजोत नोकरी करून 1905 साली स्वतःचा कारखाना काढणारा, आणि पैसा हाती आला की तो राहू न देणारा माणूस. शर्यतीच्या गाड्यांवर त्यानं केलेला खर्च पाहिला तर कंपनी इतकी वर्षं टिकली कशी, हाच प्रश्न पडतो.

1926 साली ग्रां प्रीचे, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या शर्यतींचे, नियम बदलले. इंजिन दीड लिटरचं, सुपरचार्जरला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाला) मुभा. दलाजचा अभियंता अल्बेर लोरी यानं त्यावर जे इंजिन मांडलं, ते आजही उघडून ठेवलं तर फिटर मंडळी भोवती जमतील. आठ सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाचा व्यास जेमतेम 55.8 मिलिमीटर. एकूण क्षमता 1488 सीसी. मिनिटाला 8000 फेरे आणि सुमारे 170 अश्वशक्ती. आज शहरात फिरणाऱ्या बहुतेक दीड लिटरच्या गाड्यांची ताकद याहून कमीच असते.

एवढे फेरे झेपायचे कसे? लोरीचं उत्तर सरळ होतं. जिथं जिथं काही फिरतं, तिथं बॉल नाहीतर रोलर बेअरिंग. क्रँकशाफ्टला, कनेक्टिंग रॉडना, कॅमशाफ्टना, गिअरच्या साखळीतल्या चाकाचाकाला. इंजिनात अशी साठहून जास्त बेअरिंगं. घर्षण घटलं, इंजिन फिरायला हलकं झालं आणि टिकाऊही. फक्त ते बनवायला किती दिवस लागतील आणि किती पैसे, हे कुणी मोजत बसलं नाही.

[दृश्य : 1926, सान सेबास्तियन]

आणि मग एवढ्या हुशारीत एक चूक राहून गेली. एक्झॉस्टचा पाइप उजव्या बाजूनं नेलेला, आणि चालकही उजवीकडेच बसणारा. जुलै 1926, स्पेनमधलं सान सेबास्तियन, वर रणरणतं ऊन. पेडलांपाशी अशी भट्टी पेटली की चालकांचे पाय पोळले. एकामागून एक गाड्या पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या थांब्यावर, येऊ लागल्या. चालक उतरवून दुसरा बसवायचा, त्यालाही सोसेना की परत पहिला. माणसं कमी पडली तेव्हा शर्यत बघायला आलेल्या रोबेर सेनेशाल या चालकालाच गाडीत बसवलं.

तीन आठवड्यांनी इंग्लंडमध्ये, ब्रुकलंड्सच्या ग्रां प्रीत तोच सेनेशाल लुई वाग्नेरबरोबर आळीपाळीनं गाडी चालवत पहिला आला. थांबायची पाळी आली की पाय पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा निघायचं. जिंकलेल्या गाडीतून उतरताना माणूस लंगडतोय, असं क्वचितच घडलं असेल.

हिवाळ्यात लोरीनं एक्झॉस्ट डावीकडे नेला. इंजिनच थोडं बाजूला सरकवलं, चालकाची बैठक खाली घेतली.

[दृश्य : 1927, फ्रान्समधलं मोंलेरी. पुढे दलाज, मागेही दलाज]

1927चं वर्ष सांगायला फार वेळ लागत नाही, कारण सगळीकडे एकच निकाल. फ्रेंच ग्रां प्री, स्पॅनिश, इटालियन, ब्रिटिश : चारही रोबेर बेन्वानं जिंकल्या. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये तर पहिल्या तिन्ही गाड्या दलाजच्या. उत्पादकांचं जागतिक विजेतेपदही अर्थातच दलाजला. हाच बेन्वा पुढे महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त पथकातून जर्मनांविरुद्ध लढला, पकडला गेला आणि 1944 मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारला गेला.

जगज्जेतेपद मिळालं आणि तिजोरी रिकामी झाली. दलाजनं शर्यती सोडल्या. गाड्या विकायला निघाल्या.

[दृश्य : इंग्लंड, तिशीचं दशक]

इथून या गाड्यांची वंशावळ गुंतागुंतीची होत जाते. एक गाडी लुई शिराँनं 1929 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला नेली आणि सातवा नंबर काढला. वेगाचे विक्रम करणारा माल्कम कॅम्पबेल एका गाडीचा मालक झाला. अर्ल होव या ब्रिटिश उमरावाकडेही दलाज आली. त्याची एक गाडी इटलीत मोन्झाला झाडावर आदळून अक्षरशः वाकली, होव वाचला. अशा गाडीचे चांगले भाग कुणी फेकत नाही. ते दुसऱ्या गाडीत जातात. आज ‘मूळ गाडी कोणती’ यावर जो खल चालतो, त्याची सुरुवात इथली.

1935च्या अखेरीस सीमन नव्या मोसमासाठी गाडी शोधत होता. पैसा घरचा होता, नवी ईआरए सहज घेता आली असती. त्याचा मेकॅनिक जुलिओ रँपोनी, इटालियन, अल्फा रोमिओत मुरलेला. त्यानं सुचवलं : होवची जुनी दलाज घे.

शर्यतीच्या वर्तुळातल्या लोकांना हा सल्ला वेडेपणाचा वाटला असणार. रँपोनीनं मात्र इंजिन पाहिलं होतं. लोरीनं जे केलं ते त्यानं बिघडवलं नाही. त्यानं वजन काढलं. जड भागांच्या जागी हलके भाग बसवले, ब्रेक हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) केले, इंजिनातून थोडी आणखी ताकद काढली. गाडीला काळा रंग दिला. मे महिन्यात मॅन बेटावर विजय मिळाला. मध्ये काही शर्यती अपघातात आणि बिघाडात गेल्या, आणि मग तो ऑगस्ट उजाडला.

त्या विजयांचं श्रेय बहुतेक वेळा सीमनला मिळतं. तो उत्तम चालक होताच. मर्सिडीझनं त्याला लगेच उचललं. 1938ची जर्मन ग्रां प्री त्यानं जिंकली आणि 1939 मध्ये बेल्जियमच्या स्पा इथं अपघातात तो गेला. आमच्या मते मात्र 1936ची खरी करामत रँपोनीची. काय बदलायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही, हे त्याला कळलं होतं.

[दृश्य : फिकट निळी गाडी, दोन सयामी राजपुत्र]

कारण पुढच्या मालकानं नेमकं उलटं केलं. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजपुत्र चुला. त्याचा चुलतभाऊ बिरा गाडी चालवायचा, चुला संघ सांभाळायचा. सीमनची दलाज सुट्या भागांसकट चुलानं विकत घेतली. आणि नवी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आखायला बोलावलं कुणाला? खुद्द अल्बेर लोरीला. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, सगळं आधुनिक. कागदावर ही गाडी आधीपेक्षा सरस होती. शर्यतीत तिनं काही करून दाखवलं नाही. नवे प्रतिस्पर्धी पुढे गेले होते हे खरं, पण रँपोनीनं सोपी केलेली गाडी पुन्हा अवघड झाली होती हेही खरं.

त्यानंतरचा मालक ब्रिटिश चालक रेग पार्नेल. महायुद्ध. युद्धानंतर दलाजच्या चेसिसवर ईआरएचं इंजिन बसवलेल्या गाड्याही धावल्या. जे शिल्लक आहे ते जोडा आणि पळवा, असा तो काळ. यातलंच बरंच काही रॉब वॉकरकडे पोचलं. हा तोच वॉकर, ज्याच्या खासगी संघासाठी स्टर्लिंग मॉसनं 1958ची अर्जेंटिना ग्रां प्री जिंकली. 1968 साली त्याच्या डॉर्किंगच्या गॅरेजला आग लागली. नवी लोटस फॉर्म्युला वन गाडी जळाली आणि दलाजही.

[दृश्य : वर्कशॉप, क्रँकशाफ्टचा क्लोजअप]

आता दुरुस्तीचं. अशी गाडी पुन्हा उभी करायची म्हणजे रंग आणि पॉलिश हा शेवटचा, सोपा भाग. खरं काम आत असतं. शंभर वर्षांचं ओतीव लोखंड कुठं तडकलंय ते शोधायचं. ब्लॉक गेला असेल तर साचा करून नवा ओतायचा. साठहून अधिक बेअरिंगांतली कितीतरी आज तयार मिळत नाहीत. रोलर मापानुसार घडवावे लागतात, आणि एक जरी सैल राहिला तरी 8000 फेऱ्यांवर तो सगळं इंजिन घेऊन जातो.

पण त्याआधी मालकाला एक प्रश्न सोडवावा लागतो. कोणत्या सालची गाडी करायची? 1927ची, बेन्वाच्या हातातली? मग रँपोनीचे हायड्रॉलिक ब्रेक काढायचे. 1936ची काळी? मग चुलाची चेसिस बाजूला ठेवायची. प्रत्येक पर्यायात कुणाचं तरी काम पुसलं जातं. हौशी लोक 1927कडे झुकतात, कारण तेव्हा गाडी जगज्जेती होती. आम्हाला विचाराल तर 1936ची काळी दलाज बघायला आम्ही जास्त लांबचा प्रवास करू.

[दृश्य : ब्रुकलंड्सच्या मार्गाचं काँक्रीटचं उंच, तिरकं वळण]

आज दलाज 15-एस-8 पाहायची असेल तर अमेरिकेत फ्लोरिडातल्या नेपल्स इथं रेव्ह्ज इन्स्टिट्यूटच्या संग्रहात एक आहे. दुसरी इंग्लंडमध्ये, ब्रुकलंड्सच्या संग्रहालयात. सेनेशाल आणि वाग्नेरनं 1926ची ग्रां प्री जिंकली ते हेच ठिकाण. बेन्वानं 1927ची जिंकली तीही इथंच. लुई दलाज 1947 मध्ये गरिबीत वारला. तोवर त्याच्या गाड्या इंग्लंडमध्ये अजून शर्यतीत उतरत होत्या.