गोळ्यांची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात महाल भागात माझा छोटा दवाखाना आहे. एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या तिथे येतात.

मे महिन्यातली गोष्ट. पारा 45 च्या वर गेलेला. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुनेसोबत आले. "डॉक्टरसाहेब, उठलो का डोकं गरगरून राह्यलं," म्हणाले. सुनेनं विचारलं, मेंदूचा स्कॅन करायचा का? मी आधी बीपी बसून मोजलं, वरचा आकडा 138. दोन मिनिटं उभं करून मोजलं, तर 106. मग त्यांची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली. गोळ्यांच्या दोन पाकिटांवर नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण खालच्या बारीक अक्षरांत औषध एकच. दोन ठिकाणी दाखवलं होतं, म्हणून एकच गोळी दोनदा पोटात जात होती. वर लघवी वाढवणारी गोळी वेगळीच.

"पाणी किती पिता?" आजोबा गप्प. सून म्हणाली, "संध्याकाळपासून पीतच नाहीत. संडास अंगणाच्या टोकाला, तिथला दिवा गेलाय. रात्री पडायची भीती वाटते त्यांना."

एक गोळी बंद केली, दुसरीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि सुनेला म्हटलं, आजच्या आज बल्ब लावा. आठवड्याने आजोबा एकटे चालत आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 च्या व्याख्येत शरीर, मन आणि सामाजिक स्वास्थ्य तिन्ही आहेत. मला ती व्याख्या खरी कळली त्या अंगणातल्या दिव्यापाशी.

आपल्या विदर्भात तर घराची विचारपूस करावीच लागते. लहान मुलीचे हातपाय वारंवार दुखतात, रक्त कमी आहे, तर मी सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी सांगतोच. पण तेवढ्यावर थांबत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून हा दोष रक्तात बाळगून असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून भावंडांचंही रक्त तपासायला हवं. आईशी निवांत बोलायला हवं, कारण बहुतेक वेळा दोष तिच्याच माथी मारला जातो. खरं तर तो आई-वडील दोघांकडून आलेला असतो. हे सांगताना मी वडिलांनाही समोर बसवतो. या बोलण्याला अर्धा तास लागला तरी चालेल, बाहेरची रांग थांबते.

याचा अर्थ तपासण्या नकोत असा मुळीच नाही. छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, तर माझी वाट पाहू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. डिस्चार्ज झाला की कागद घेऊन माझ्याकडे या. कोणती गोळी चालू, कोणती बंद, हे आपण बसून नीट लावू.

तुमचे डॉक्टर कोणीही असोत, पुढच्या खेपेला जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. काढा, चूर्ण, शेजारणीनं दिलेली पावडर, सगळं. आणि झोप लागत नसेल, घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद असेल, तर तेही सांगा. नमस्कार.