मंदीची बातमी इंग्रजीतून ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी बातमीत ‘स्लोडाउन’ कानावर पडलं की मंदी आली, असं अनेक जण धरून चालतात. वाढीचा दर सात टक्क्यांवरून पाचवर आला, तरी अर्थव्यवस्था वाढतेच आहे, फक्त सावकाश. रिसेशनमध्ये, म्हणजे खऱ्या मंदीत, मात्र उत्पादनच घटतं. म्हणून असा शब्द ऐकला की आधी पाहावं, बातमी आकड्याची आहे की त्याच्या वेगाची?

महागाईतही तेच. दर आठवरून चारवर येणं म्हणजे डिसइन्फ्लेशन. भाव चढतच असतात. डिफ्लेशनमध्ये भावच उतरतात, आणि ती आनंदाची बातमी नव्हे. लोक खरेदी पुढे ढकलतात, मिळकत आटते, कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

सलग दोन तिमाह्या जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, घटलं, की ‘टेक्निकल रिसेशन’. ब्रिटनमधल्या बातम्या हीच कसोटी लावतात. अमेरिकेत मात्र नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची समिती रोजगार, उत्पन्न, खर्च, औद्योगिक उत्पादन असं सगळं तपासून निर्णय देते. त्यामुळे 2020 मधली फेब्रुवारी ते एप्रिल एवढी छोटी घसरणही मंदी ठरली. उलट 2022 च्या पहिल्या दोन्ही तिमाह्यांत त्यावेळच्या आकड्यांनुसार जीडीपी घटला होता, पण नोकऱ्या वाढत होत्या. समितीने मंदी जाहीर केली नाही.

अमेरिकी आकड्यामागे ‘ॲन्युअलाइज्ड’ आहे का, तेही ऐका. तिमाहीतली अर्ध्या टक्क्याची घट, हाच वेग वर्षभर राहिला तर, या हिशेबाने साधारण दोन टक्के म्हणून सांगतात. इतर अनेक देश अर्धा टक्काच सांगतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली, की फसगत ठरलेली.

सगळ्यांत जास्त गोंधळ घालणारं वाक्य म्हणजे ‘द रिसेशन इज ओव्हर’. याचा अर्थ घसरण थांबली, एवढाच. त्या तळाला ‘ट्रफ’ म्हणतात आणि तिथून रिकव्हरी, म्हणजे सावरणं, सुरू होते. डिसेंबर 2007 मध्ये सुरू झालेली अमेरिकेतली मंदी जून 2009 मध्ये संपली; बेकारी मात्र वाढत जाऊन ऑक्टोबरमध्ये दहा टक्क्यांवर पोचली. कारण मालक कामावर असलेल्यांचे तास आधी वाढवतात, नवी भरती नंतर.

नोकरीचे शब्द मुलाखतीत जपून वापरा. ‘आय वॉज फायर्ड’ म्हटलं की सहसा दोष तुमच्याकडे येतो. कंपनीने कपात केली असेल तर अमेरिकेत ‘लेड ऑफ’, ब्रिटनमध्ये ‘मेड रिडंडंट’ म्हणा. ‘फर्लो’ वेगळं: काम थांबतं, नाव पटावर राहतं. पगाराचं मात्र देश पाहून ठरवा. अमेरिकेत फर्लो बहुधा बिनपगारी असतो. ब्रिटनमध्ये 2020 च्या योजनेत सरकारने, ठराविक मर्यादेपर्यंत, 80 टक्के पगार भरला होता.