घोंगे पहिल्या नंबरावर

(दृश्य : पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या. दूरवर ट्रॅक्टरचा आवाज.)

जुलै २०२५. भंडारा जिल्हा. साकोलीहून आत वळलं की अर्ध्या तासावर हे गाव लागतं. रोवण्याचे दिवस आहेत, त्यामुळे गावात माणूस सापडत नाही. सापडलाच तर पाऊस जोराचा आल्यावर, चौकातल्या चहाटपरीवर.

आम्ही इथं आलो होतो मामा तलावांवर फिल्म करायला. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. त्या काळात बांधलेले हे तलाव पूर्व विदर्भातल्या धानाला आजही पाणी देतात. विषय चांगला होता. पण त्या दुपारी पाऊस उघडेना, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बसून होता, आणि टपरीवरच्या एका पोरानं आपला मोबाइल आमच्यापुढं धरला.

"हे खरं हाये का जी?"

बातमी खरी होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं आपल्या शहरातल्या शंभर उत्तम रेस्टॉरंटांची यादी छापली होती. पहिल्या नंबरावर ‘सेम्मा’. तिथले शेफ विजय कुमार, मदुराईकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. आणि ज्या पदार्थामुळे या जागेचं नाव झालं, तो नत्तै पिरट्टल. नत्तै म्हणजे गोगलगायी, इथले घोंगे. लहानपणी त्यांच्या घरचे भातशेतात वेचून आणायचे, त्या.

पोरगा टपरीकडे वळला. "घोंगे जी. अमेरिकेत घोंगे पहिल्या नंबरावर आले."

आधी कुणीच हसलं नाही. मग सगळेच हसले. तलावाची फिल्म तिथंच राहिली.

(दृश्य : टपरी. ताडपत्रीवरून गळणारं पाणी. गिलासांवरची वाफ.)

पहिला आक्षेप निवृत्त गुरुजींचा. "यादी करनारा कोन? आन् त्यानं खाल्लं किती ठिकानी?"

न्यूयॉर्कमध्ये खाण्याची ठिकाणं वीस हजारांहून जास्त आहेत. पोरानं लगेच हिशेब मांडला : दिवसाला दोन जेवणं, वर्षाची ७३०. वीस हजार संपवायला सत्तावीस वर्षं.

"तवरिक अर्धे बंद पडले असन," टपरीवाला म्हणाला.

ही शंभरांची यादी त्या वर्तमानपत्रानं पहिल्यांदा काढली २०२३ मध्ये. काढणारे पीट वेल्स, बारा वर्षं तिथले रेस्टॉरंट-समीक्षक. त्यांनी शंभरच्या शंभर ठिकाणांना नंबर दिले, आणि २०२३, २०२४ दोन्ही वर्षं पहिला दिला ‘टाटियाना’ला. त्यांच्या वेळी तिथल्या समीक्षकांचे काही नेम होते. ओळख द्यायची नाही. बिल वर्तमानपत्र भरणार, हॉटेलवाल्याचा फुकटचा चहासुद्धा नको. आणि लिहिण्याआधी एकाच जागी बहुधा तीनदा तरी जेवायचं, कारण एखाद्या दिवशी कुणाचंही वरण करपू शकतं. २०२४ च्या जुलैत वेल्स यांनी हे काम सोडायचं ठरवलं. कारण त्यांनी स्वतःच लिहिलं : तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सगळंच बिघडलेलं निघालं होतं.

टपरी हळहळली. शुगरची गोष्ट इथं समजावून सांगावी लागत नाही.

२०२५ ची यादी प्रिया कृष्णा आणि मेलिसा क्लार्क यांनी केली, आणि त्यांनी एक बदल केला. नंबर दिले फक्त पहिल्या दहांना. उरलेले नव्वद नावाच्या आद्याक्षरानं लावले.

गुरुजींना हवं ते सापडलं. "पाहा! म्हंजे अकरावा कोन आन् शंभरावा कोन, हे त्यायले सोतालेच ठरवता नाई आलं."

मला मात्र हा त्या यादीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. आपल्याकडे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी लागायची तेव्हा पहिल्या आणि चौथ्या मुलामध्ये दोन-चार गुणांचा फरक असे. फोटो मात्र पहिल्याचा, पेढा त्याच्याच तोंडात. बोर्डानं ती यादी बंद केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. गुरुजींनी शाळेत हे सगळं जवळून पाहिलेलं, पण वादात माणसाला आपलीच नोकरी आठवत नाही.

मग आला खरा विदर्भी संशय. "प्रिया म्हंजे आपलीच बाई ना जी? मंग आपल्याच मानसाले देल्ला नंबर."

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मिशलिनचा तारा ‘सेम्मा’ला २०२२ मध्येच मिळाला होता, आणि तो देणारे लोक वेगळे. पण टपरीवाल्याचं उत्तर जास्त बरं निघालं. दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्याकडे बघतच तो म्हणाला, "इतके साल दुसऱ्याले देत होते, तवा कोनी इचारलं का?"

मिशलिनचं नाव निघताच कोपऱ्यातला ट्रॅक्टर-मेकॅनिक जागा झाला. टायरवाली कंपनी? हो, तीच. १९०० मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी गाडीवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक काढलं : पेट्रोल कुठं मिळेल, मुक्काम कुठं करावा. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, असा साधा हिशेब. १९२६ पासून चांगल्या हॉटेलांना तारे, १९३१ पासून दोन आणि तीन तारे. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे खास तेवढ्यासाठीच घरून निघावं असं. भारतात ते तारे देतच नाहीत, तो भाग वेगळा.

"खास जेवाले निंगाचं?" मेकॅनिक म्हणाला. "मंग मंडईले आमी का करतो?"

(दृश्य : मंडईची जुनी मोबाइल-चित्रफीत. दंडार. पाळणे. गर्दी.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. आज या गावची, परवा त्या गावची. दिवस वेगळे, म्हणून सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, व्याही येतात, व्याह्यांचे मित्र येतात. वडे, सुवाऱ्या, मटणाचा रस्सा, भाताचा डोंगर.

आणि परतीच्या वाटेवर निकाल लागतो. अमक्याच्या घरी रस्सा पातळ. तमक्याकडे वडे बरे, पण वाढणाऱ्याचा हात आखडता. या निकालाला छापील यादी नसते, तरी तो दहा-दहा वर्षं टिकतो. सोयरिकीच्या वेळीसुद्धा निघतो. फरक इतकाच, की इथला समीक्षक ओळख लपवून जाऊ शकत नाही. तो जावई असतो. त्याच्या ताटात चांगल्या फोडी आधीच निवडून टाकलेल्या असतात. त्यामुळे जावयाच्या मताला कुणी किंमत देत नाही. भाव असतो तो शेवटच्या पंगतीत बसलेल्या माणसाच्या मताला.

हे न्यूयॉर्कवाल्यांना कळवायला हवं, असं मेकॅनिकचं म्हणणं पडलं.

इतक्यात नागपुरात आठ वर्षं काम करून परत आलेला एकजण बोलला. तोवर तो गप्पच होता. "ज्या यादीत सावजी नाई, ते यादी आपल्या कामाची नाई." यादी न्यूयॉर्कची आहे, हे सांगून पाहिलं. त्याला फरक पडला नाही.

पण सावजीची गोष्ट इथं खरंच लागू पडते. हे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचं जेवण. जवसाचं तेल, काळा मसाला, डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली १८७७ मध्ये. पुढं गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी हातमागाचं पोट मारलं, आणि नंतर गिरण्यांचेही भोंगे थांबले. माग बंद पडला तशी या वस्तीतल्या घरांनी चूल रस्त्याकडे वळवली. समोरच्या खोलीत दोन बाकडी, आत बायकोचा किंवा आईचा हात. त्यातून भोजनालयं झाली. आज नागपुरात सावजीच्या इतक्या पाट्या आहेत की अस्सल कोणती यावर दोन सख्ख्या भावांचं जमत नाही.

म्हणजे घरातलं जेवण दुकानात आलं ते कुणाला हौस होती म्हणून नाही. घरातलं दुसरं काम गेलं म्हणून. आणि समीक्षक फक्त दुकानातच जाऊ शकतो. जे विकत मिळत नाही, त्याला पहिला तर सोडाच, शंभरावा नंबरसुद्धा मिळणार नाही.

(दृश्य : साकोलीजवळचा महामार्ग. धाब्यांच्या पाट्या, एकामागून एक.)

साकोलीवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. धाब्यांवर काय मिळतं? पनीर, दाल फ्राय, तंदुरी रोटी, चिकन सावजी, अधूनमधून ‘चायनीज’. तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, एकाही पाटीवर दिसले नाहीत. लाखोरीची डाळ नाही. बांधीतले खेकडे नाहीत, बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, झिंगे नाहीत. धानाच्या मुलखातून जाणारा ट्रकवाला पंजाबचं जेवून छत्तीसगडात शिरतो.

लाखोरीचं तर वेगळंच. उभ्या धानात, कापणीच्या आधी ओल्या मातीत फेकून पेरायची, नांगर नको, पाणी नको. दुष्काळात हीच डाळ तगून राहते. पण महिनोन्‌महिने नुसती तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत इथल्या घरांतून लाखोरी गेली नाही. फक्त तिचं नाव पाहुण्यांसमोर घेणं बंद झालं.

आणि घोंग्यांचं तर त्याहून.

(दृश्य : पाऊस उघडलेला. बांधावरून परतणाऱ्या बाया, कमरेपर्यंत चिखल.)

चारच्या सुमाराला रोवणाऱ्या बाया टपरीवरून निघाल्या. त्यांच्यात सत्तरीची एक आजी. हातात पदरानं झाकलेलं टोपलं. पोरानं विचारलं, "आजी, घोंगे का?"

"नाई बाप्पा. आमी नाई खात."

टोपल्यातून काहीतरी कडकड वाजलं.

कुणी काही बोललं नाही. घोंगे कोण खातं आणि कोण खात नाही, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. ते मोठ्यानं बोलायचं नसतं. त्यात जात येते, गरिबी येते, शाळेत पोराला चिडवलेलं येतं. विजय कुमार यांनी मुलाखतींत हेच सांगितलंय, की आपण घरी गोगलगायी खातो हे लहानपणी शाळेत सांगायची लाज वाटायची. पुढं स्वयंपाकाचं शिक्षण घेताना कळलं, की फ्रेंच लोक तीच गोष्ट लोणी-लसूण घालून मोठ्या मानानं खातात. २०२५ च्या जूनमध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, न्यूयॉर्क राज्यातले उत्तम शेफ म्हणून. पुरस्कार घ्यायला ते वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून गेले होते.

पोरानं आजीला मोबाइलमधला फोटो दाखवला. आजीनं डोळे बारीक केले. फोटो लांब धरला, मग जवळ.

"कवच कुठं गेलं?"

काढून टाकतात, तो म्हणाला.

"मंग बरोबर हाये. रातभर पान्यात ठेवले का यानं? माती सोडू देल्ली का? नाई तं दातात कचकच करते." आता ती थांबेना. "उकडाचे, काट्यानं खेचाचे, मांगचं कारं कारं काढून टाकाचं, मिठानं चोराचे, तीन पानी. चिंच टाकली का त्यानं?"

टाकतात. आलं आणि चिंच, दोन्ही.

"हं," आजी म्हणाली. इतका वेळ झालेल्या चर्चेत जे विचारायला पाहिजे ते पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं, आणि उत्तर पास झालं होतं.

गुरुजींना राहवेना. त्यांनी तिला यादी समजावली : शंभर हॉटेलं, पहिला नंबर, दोन समीक्षक. आजीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या गावात बांधी हाये का जी?"

न्यूयॉर्कमध्ये बांधी नाही.

"मंग वेचते कोन?"

पोरगा मोबाइलमध्ये शोधू लागला. गुरुजी चष्मा पुसू लागले. आजीनं टोपलं दुसऱ्या हातात घेतलं. आता फवारे मारून मारून बांधीत घोंगे उरले नाहीत, तिनं सांगितलं. आधी अर्ध्या घंट्यात टोपलं भरत होतं, आता सकाळपासून फिरून इतकेच. तिनं पदर बाजूला केला. टोपल्याचा तळ जेमतेम झाकला होता.

निघताना ती आमच्याकडे वळली. उद्या जेवायला या म्हणाली. भात अन् हे.

आम्ही कॅमेऱ्याची पिशवी उचलली तशी तिनं मान हलवली. "ते आनू नका पन."

आम्ही गेलो. कॅमेरा टपरीवर ठेवून गेलो. भात दोनदा घेतला.

(दृश्य : काळा पडदा. फक्त पावसाचा आवाज.)