हाताला आठवतं

पडद्यावर फक्त दोन हात आहेत. सत्तरी ओलांडलेले. एकात लाकडी भोवरा, दुसऱ्यात जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी. कितीतरी वर्षांनी भोवरा हाती आलाय, त्यामुळे पहिले दोन वेढे आरेवरून, म्हणजे भोवऱ्याच्या टोकाच्या खिळ्यावरून, निसटतात. "विसरलो बहुतेक," आजोबा म्हणतात आणि मान वर करून आमच्याशी बोलू लागतात. बोलता बोलता बोटं खाली आपलं काम करत राहतात. जाळी आरेपाशी एकदा घट्ट आवळली जाते, वेढ्याला वेढा लागून वर चढत जातो, टोक बोटाला अडकतं. आजोबा खाली बघतात, तर भोवरा तयार.

चित्रफितीतला हा तुकडा आम्ही किती वेळा पाहिला असेल! ज्या क्षणी त्यांनी आठवायचं सोडून दिलं, त्या क्षणी त्यांच्या हाताला आठवलं.

विसरलो म्हणणारं डोकं आणि न विसरलेला हात, या दोघांची खाती खरोखरच वेगळी असतात. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवी आठवण त्याच्याजवळ टिकेना. भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा समोर आला, तरी त्याच्यासाठी तो अनोळखीच. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. करून बघा कधी, आरशात बघताना हात भलतीकडेच पळतो. तीन दिवस हा सराव चालला आणि त्याचा हात सफाईदार होत गेला. हे आपण आधी केलंय, याची मात्र त्याला दर वेळी काहीच आठवण नसे.

भोवरा, गोट्या, दोरीवरच्या उड्या, सायकलचा तोल हे सारं या दुसऱ्या खात्यात जमा असतं. लहानपणचा फोटो बघताना आपण त्या मुलाकडे बाहेरून पाहतो. पण अंगठा जमिनीला टेकवून, बोट मागे ताणून गोटीवर नेम धरला, की बाहेर कुणी उरत नाही. गुडघ्याला माती लागलेली असते, एक डोळा आपोआप मिटलेला असतो, आणि वय किती हे सांगायला क्षणभर वेळ लागतो.

आता हे चित्र. पीटर ब्रॉयगेलने 1560 साली रंगवलेलं, आज व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात असलेलं. एका गावभर दोनशेहून अधिक मुलं आणि ऐंशीच्या वर खेळ. कुणी चक्र पळवतंय, कुणी काठीचा घोडा केलाय, कुणी डोळे बांधून चाचपडतंय. भोवरेही आहेत. एवढ्या गर्दीत डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात या दोघी बघा. सागरगोटे खेळताहेत.

आणि ही त्याहून कितीतरी जुनी जोडी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली, सुमारे 2300 वर्षांपूर्वीची भाजक्या मातीची मूर्ती. समोरासमोर उकिडव्या बसलेल्या दोन स्त्रिया, आणि खेळ तोच. सागरगोटे कुठे बियांचे, कुठे खड्यांचे, यांचे मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे. एक वर उडवायचा, खालचे मुठीत घ्यायचे, वरचा पडण्याआधी झेलायचा. एवढ्या काळात हा खेळ कुणी शाळेत शिकवला नाही. थोड्या मोठ्या मुलीच्या हाताकडे बघून लहान मुलगी शिकली, पुढे तिच्याकडे बघून आणखी कुणी. मला तरी माणसाने जपलेल्या वस्तूंमध्ये याहून थक्क करणारं काही दिसत नाही.

सगळीच खेळणी कौशल्य मागत नाहीत. काही नुसती कुशीत हवी असतात. कापडी अस्वल, एक कान तुटलेला ससा, गोधडीचं टोक. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉनल्ड विनिकॉट यांनी 1951 साली अशा वस्तूंवरचा आपला निबंध वाचून दाखवला. अशी वस्तू मळली, तिला वास यायला लागला, तरी आई ती धुवत नाही, असं त्यांनी नोंदवलंय. धुतली की मुलाच्या अनुभवातला सलगपणा तुटतो आणि त्याच्या लेखी तिची किंमतच संपू शकते. मला हे पटवायला निबंधाची गरज नव्हती. माझं कापडी माकड एकदा धुऊन, टापटीप शिवून परत आलं. दिसायला तेच. रात्री मी त्याला उशाशी घेतलं नाही. त्याचा जुना वास आजही नाकाला सांगता येईल, शब्दांत मात्र येत नाही. विनिकॉट यांनी असंही नोंदवलंय, की अशी वस्तू मूल विसरत नाही आणि तिच्यासाठी शोकही करत नाही.

परत आजोबांकडे. भोवरा सुटलाय. हात पुढे झेपावतो, लगेच मागे खेचला जातो, जाळी सटकन मोकळी होते. वेग आहे तोवर तो आरेवर ताठ उभा, जणू फिरतच नाही. वेग उतरला की डोकं गोल गोल डुलायला लागतं आणि मग तो लवंडतो.

नात जवळ येते. "आजोबा, कसं केलं?"

ते सांगू बघतात. "आधी इथून… नाही, थांब. मग असं…" दोनदा अडखळतात. शेवटी बोलणं सोडून तिच्या मुठीत भोवरा ठेवतात, जाळीचं टोक तिच्या बोटाला अडकवतात आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून पहिला वेढा घालतात.