बीपी वाढला म्हणून आळणी नको

नमस्कार मैत्रिणींनो. आणि सासूबाई, तुम्हीही ऐका, कारण सुनेच्या ताटात काय पडायचं ते तुम्हीच ठरवता.

गरोदरपणात बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला, की आपल्याकडे घरात पहिलं फर्मान सुटतं: हिला आळणी द्या. वरण आळणी, भाजी आळणी. ती बिचारी चार घास खाऊन उठते. आधीच तोंडाला चव नसते, त्यात हे. मग बाळाला काय पोचणार? मीठ साफ तोडल्याने हा बीपी बरा होत नाही. दिवसभराचं मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवा.

खरं मीठ लपलंय दुसरीकडेच. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले बिबडे, उडदाचे पापड, कैरीचं लोणचं, शेवभाजीतली शेव. पापडखारातही सोडियमच असतं. कळण्याचं पीठ घ्या ना: ज्वारी आणि उडदाबरोबर खडेमीठ गिरणीतच दळून येतं, वर ठेच्यात पुन्हा मीठ. तिच्यापुरतं कळणं बिनमिठाचं दळून आणा. भाकरी तीच, कसदार. सोबत भरीत, मेथी, घट्ट वरण, वाटीभर दही. भाजीत बेताचं मीठ राहू द्या, म्हणजे पोर पोटभर जेवेल.

केळी तर आपल्या रावेर-यावलची. त्यांत पोटॅशियम असतं, रोज एखादं जरूर खावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियमचं मला आवर्जून सांगायचंय. ज्यांच्या जेवणात दूध-दही कमी, त्यांना कॅल्शियमने बीपीच्या गुंतागुंतीपासून बराच आधार मिळतो. चौथ्या महिन्यापासून आशाताई ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, दिवसाला दोन. त्या डब्यात पडू देऊ नका. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

पण बायांनो, जेवण सुधारलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे बीपी आणि लघवी तपासून घ्या.

आणि डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय किंवा तोंड-हात अचानक सुजलेत, तर "दिवसांत होतंच असं" म्हणून सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०२ किंवा १०८ ला फोन लावा.