भाड्याचे घर आणि तेवीस क्रमांकाची बस

(गुढीपाडवा मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मागच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

बॉस्टनमध्ये बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात आणि पाडव्याच्या सुमारास त्या घरांचा शोध ऐन भरात आलेला असतो. म्हणून आज मी फक्त घराबद्दल, त्यातही घर कोणत्या भागात घ्यावे याबद्दल बोलणार आहे, आणि तेही नवरा-बायको दोघेही शिकत आहेत अशा जोडप्यांपुरतेच. एकटा विद्यार्थी आपल्या विद्यापीठापासून खिशाला परवडेल तितके लांब जातो, तीन रूममेट शोधतो आणि मोकळा होतो. जोडप्याला मात्र दोन विद्यापीठे, दोन वेळापत्रके आणि दोन तुटपुंजी विद्यावेतने एकाच छपराखाली आणायची असतात.

आम्ही दोघे ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याहून इथे आलो. माझे संशोधन नॉर्थईस्टर्न विद्यापीठात, म्हणजे इथल्या मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरच्या रगल्स स्थानकापाशी, तर नवऱ्याची प्रयोगशाळा यूमास बॉस्टन या विद्यापीठात, म्हणजे मेट्रोच्या रेड लाइनने जेएफके-यूमासला उतरून पुढे विद्यापीठाच्या मोफत बसने. पुण्यात बसून आम्ही घर ठरवले ते ऑल्स्टन या विद्यार्थ्यांच्या भागात, कारण माझ्या ओळखीची मुले तिथे राहत होती आणि 'तिकडे सगळे आपलेच आहेत' हे वाक्य आम्ही तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकले होते. भाडे १,९०० डॉलर. पहिला महिना, शेवटचा महिना, एका महिन्याची अनामत आणि एका महिन्याची दलाली असे ७,६०० डॉलर किल्ली हातात पडण्याआधी गेले. पागडीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्या मुंबईकर सासऱ्यांनाही तो आकडा दोनदा सांगावा लागला. १ ऑगस्ट २०२५ पासून मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने दलाल ज्याने नेमला त्यानेच दलाली द्यायची आहे, त्यामुळे घरमालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे तुमच्याकडे कोणी मागितले, तर ते देऊ नका.

आमची खरी चूक पैशांत झाली नव्हती. मी ६६ क्रमांकाच्या बसने रॉक्सबरी क्रॉसिंगला उतरून चालत चाळीस मिनिटांत पोहोचायचे. नवरा ग्रीन लाइनने पार्क स्ट्रीट, तिथून रेड लाइन, तिथून विद्यापीठाची बस, असा सव्वा तास जायचा आणि तितकाच वेळ परत यायचा. ऑक्टोबरपर्यंत आम्ही त्यावर विनोद करत होतो. जानेवारीत एका रात्री तो साडेअकराला घरी आला, बूट न काढताच दाराशी खाली बसला आणि 'भात आहे का?' एवढेच म्हणाला. घर माझ्या सोयीचे होते आणि त्याची किंमत त्याचे पाय मोजत होते, ही गोष्ट मला त्या रात्री उमगली. हे तो आपण होऊन कधी बोलला नसता, आणि मला वाटते, बहुतेक घरांत असेच होते: ज्याचा प्रवास लांबचा, त्याला तक्रार करणे म्हणजे भांडण काढणे वाटते.

मग आम्ही कागद घेतला. दोघांच्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाची जाण्याची आणि येण्याची वेळ लिहिली, रात्रीच्या फेऱ्या वेगळ्या रंगात काढल्या, आणि जिथून दोघांनाही गाडी फार बदलावी लागणार नाही अशी स्थानके शोधली. क्विन्सी पाहिले, मॉल्डन पाहिले, फॉरेस्ट हिल्स पाहिले. प्रत्येक ठिकाणी एकाची सोय झाली की दुसऱ्याला डाउनटाउन क्रॉसिंगच्या गर्दीत गाडी बदलावी लागे. शेवटी ॲशमाँट सापडले. रेड लाइनच्या त्या फाट्याचे ते शेवटचे स्थानक. तिथून शॉमट, फील्ड्स कॉर्नर, सॅविन हिल आणि चौथे जेएफके-यूमास. माझ्यासाठी त्याच स्थानकाच्या आवारातून निघणारी २३ क्रमांकाची बस होती, जी कॉडमन स्क्वेअर, ग्रोव्ह हॉल आणि न्यूबियन करत थेट रगल्सला जाते. मार्च २०२२ मध्ये बॉस्टन शहराने हीच बस विनातिकीट केली होती. भूगोलाने आणि महापालिकेने मिळून आमची बाजू घेतली, असे आम्ही म्हणत असू.

आता थोडे नाजूक बोलते. ॲशमाँट डॉर्चेस्टरमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या भागात आहे, हे कळताच आमच्या ओळखीतल्या, उपनगरात वीस वर्षे राहिलेल्या एका काकांनी फोनवर सांगितले, 'तिकडे अजिबात जाऊ नका.' काकांचे प्रेम खरे होते; पण ते तिथे शेवटचे कधी गेले होते, असे मी विचारले तेव्हा ते कधीच गेले नव्हते, असे निघाले. कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे धोका, हे समीकरण आपल्यातल्या पुष्कळ जणांनी न तपासता उचलले आहे आणि ते आपण नव्या मुलांना मायेने वाढून देतो, हे या व्यासपीठावरून बोलायला हवे होते, म्हणून बोलले. धोका कुठेच नसतो, असे मी म्हणत नाही. डॉर्चेस्टर एवढे पसरलेले आहे की त्याच्या एका टोकावरून दुसऱ्याबद्दल बोलणे म्हणजे धायरीवरून विमाननगरबद्दल बोलणे आहे. गल्ली बदलली की सगळे बदलते.

आम्ही काय केले ते सांगते. एप्रिलमध्ये एका मंगळवारी रात्री साडेनऊला, म्हणजे माझ्या नेहमीच्या परतण्याच्या वेळेला, आम्ही रगल्सहून २३ मध्ये बसलो आणि स्थानकापासून त्या घरापर्यंत चालत गेलो. रस्त्यावरचे कोणते दिवे चालू आहेत ते पाहिले, वाटेत कोणते दुकान उघडे आहे ते पाहिले. बसमध्ये इस्पितळाच्या गणवेशातल्या बायका, शाळेची दप्तरे घेतलेली मोठी मुले, एक आजी आणि तिच्या मांडीवर झोपलेला नातू होता. दुसऱ्या शनिवारी सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा फील्ड्स कॉर्नरच्या व्हिएतनामी दुकानांत कोथिंबिरीची ताजी जुडी आणि कोवळी भेंडी मिळाली. वॉल्थमला जाऊन भारतीय किराणा भरण्याच्या आमच्या महिन्याच्या चकरा त्यानंतर निम्म्यावर आल्या.

घर तीन मजली लाकडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मिळाले. मालक तळमजल्यावरच राहत होते, त्यामुळे दलाल नव्हता. भाडे २,१५० डॉलर, म्हणजे आधीपेक्षा २५० जास्त, आणि ते ऐकून घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढले. पण नवऱ्याचा एकेरी प्रवास सव्वा तासावरून पंचवीस मिनिटांवर आला, म्हणजे आठवड्याचे आठ तासांहून अधिक वाचले, आणि माझा वेळ वाढला नाही. जोडप्याने भाड्याची तुलना करताना हा हिशेब त्यात धरावाच.

भाड्यात हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे मात्र आम्ही उशिरा विचारले. लेखी करारात भाडेकरूवर टाकलेला नसेल, तर तो खर्च मालकाचा असतो. आमच्या करारात तो आमच्यावर होता. १५ सप्टेंबर ते ३१ मे या काळात घरात दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट तापमान राखता आले पाहिजे, असा राज्याचा नियम आहे. पण जुन्या खिडक्यांच्या फटींतून जाणारी ऊब तुमच्याच बिलातून जाते. आम्ही नोव्हेंबरात खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावून केस वाळवायच्या यंत्राने ते ताणून घ्यायला शिकलो. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा खिडकीच्या चौकटीशी हात धरा, आणि स्वयंपाकघरातली खिडकी उघडून पाहा. फोडणीला धुराचा भोंगा वाजला की शेजाऱ्यांशी पहिली ओळख तीच होते.

कायद्याच्या बाकी गोष्टी झटपट सांगते. अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ती व्याजाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि तीस दिवसांत तुम्हाला पावती द्यावी लागते. ऑल्स्टनच्या आमच्या मालकाने निघताना रंगाचे म्हणून ३०० डॉलर कापायला घेतले होते. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच्या भिंतींची छायाचित्रे पाठवल्यावर ते परत आले. करारावर दोघांची नावे असली, तर प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो, हे उन्हाळ्यात एकाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळण्याआधी वाचून ठेवा. घर न दाखवता पैसे पाठवा म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका. आणि १ सप्टेंबरला ऑल्स्टनच्या पदपथांवर पडलेली गादी कितीही चांगली दिसली, तरी उचलू नका. आम्ही एक खुर्ची उचलली होती. तिच्या शिवणीत टॉर्च मारल्यावर बालपणीचा ढेकूण भेटला.

एकाच मार्गावर विसंबू नये, हेही आम्हाला तिथेच कळले. १९ ऑगस्ट २०२२ पासून ऑरेंज लाइन तीस दिवस पूर्ण बंद राहिली, तेव्हा फॉरेस्ट हिल्सला नुकतेच घर घेतलेल्या आमच्या मित्रांची तारांबळ उडाली. १४ ते २९ ऑक्टोबर २०२३ या काळात आमचा ॲशमाँटचा फाटा बंद झाला. त्या सोळा दिवसांत नवरा बदली बसने गेला आणि मी नेहमीच्याच २३ ने.

सप्टेंबरसाठी ज्यांचा शोध सुरू आहे, त्यांच्यातली जी जोडपी येतील त्यांना घेऊन मी येत्या मंगळवारी रात्री साडेनऊला रगल्सहून २३ ने निघणार आहे. बस जिथे उभी राहते तिथे वारा फार असतो. टोपी आणि हातमोजे आणा, आणि ते काका इथे असतील, तर त्यांनीही यावे.