सोळावर ठेव

(दृश्य: बडोद्याचा मांडवी दरवाजा, भर दुपार. रस्त्यावर कमानीची सावली.)

आजोबांचा कॅमेरा अजून गळ्यातच आहे. डोळे जमिनीवर. सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी दिसली की ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, १६. आकडा लहान तसं छिद्र मोठं. रोल १०० एएसएचा (प्रकाश टिपण्याच्या वेगाचा हा आकडा), म्हणून शटर त्या आकड्याच्या जवळचं, १/१२५ सेकंद.

(दृश्य: शटरची चकती फिरवणारी बोटं.)

हा पेंटॅक्स के-१०००, १९७६ साली बाजारात आलेलं मॉडेल. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. शटर स्प्रिंगवर चालतं. यातला मीटर कधीच बंद पडलाय. आजोबांनी दुरुस्त करून घेतला नाही, आणि आम्हालाही ते पटतं.

आजोबा सांगतात, "सावलीची कड मऊ पडली की ११ कर. पुसट झाली की ८. सावलीच पडत नसेल तर ५.६."

दर पायरीला, म्हणजे 'स्टॉप'ला, आत येणारा प्रकाश दुप्पट. पोरं पळत आली तर शटर १/५०० लावायचं आणि ॲपर्चर ८ वर आणायचं. हिशेब तोच राहतो.

(दृश्य: दांडिया बाजारातला वाडा. पडवीत आजी तांदूळ निवडतेय. नात अंगणात, उन्हात.)

नात १६ वरच थांबलीय.

आजोबा म्हणतात, "अगं, फोटो आजीचा पाडायचाय ना? मग तिच्यावरचा उजेड बघ. तू उन्हात आहेस, ती नाही."

आजोबा फोटो काढत नाहीत, 'पाडतात'. गुजरातीच्या शेजाराची ही सवय. पडवीत ४: सोळावरून चार स्टॉप खाली, सोळापट प्रकाश. शंका आलीच तर आणखी एक स्टॉप उघडायचा. निगेटिव्हला जास्तीचा प्रकाश पचतो, उपास सोसत नाही. प्रोजेक्टरवर दाखवायच्या स्लाइडचा रोल असला की मात्र उलट. तिथे जास्त झालं तर आभाळ पांढरं फटक.

(दृश्य: कपाटातला आग्फा क्लिक थ्री.)

हा इथलाच, बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. १२० चा रोल, बारा फोटो. आजोबांचा हात यावर बसला.

(दृश्य: पडवीतली आजी. नात श्वास रोखते. शटरचा आवाज.)

पेंटॅक्सच्या रोलमधल्या छत्तीसपैकी सात फ्रेम काळोखात गेल्या. रोलही आता स्वस्त राहिलेला नाही.

(दृश्य: वळणीवर चिमट्याला लावलेली ओली निगेटिव्ह. आजोबा ती उजेडाकडे धरतात, आजीच्या फ्रेमवर थांबतात. निवेदन नाही.)